आर्मेचर दोनदा बदलूनही ग्राइंडर ठिणग्या का टाकतो?

आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. आपल्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये 180 मिमी चकतीचा, 2000 वॅटचा अँगल ग्राइंडर आहे. आठ महिने तो तक्रारीविना चालला, मग मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या आणि जळका वास येऊ लागला. सर्व्हिस सेंटरने आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरणारा भाग) आणि कार्बन ब्रश (त्याला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे) वॉरंटीत बदलून दिले. पाच आठवड्यांनी तेच झाले, तेव्हा पैसे घेऊन दुसरे आर्मेचर टाकले, आणि आता तीनच आठवड्यांत पुन्हा ठिणग्या सुरू झाल्या आहेत. कंपनीच्या ग्राहक सेवेने "यंत्रावर जादा भार टाकल्याने आर्मेचर खराब झाले, हा बिघाड वॉरंटीत बसत नाही" असे एका ओळीत कळवले आहे. आणखी एक आर्मेचर टाकावे, जुने रिवाइंड करून (तारा नव्याने गुंडाळून) घ्यावे की ग्राइंडर भंगारात द्यावा, आणि कंपनीला पुन्हा लिहून काही उपयोग होईल का, असे आपण विचारता.

आणखी एक आर्मेचर तूर्त टाकू नका. मूळचे आर्मेचर आठ महिने टिकले, दुसरे पाच आठवडे आणि तिसरे तीन आठवडे. ही घटत जाणारी मुदतच सांगते की आर्मेचर खाणारे काहीतरी यंत्रात तसेच राहिले आहे आणि ते वाढत चालले आहे. मी पंचवीस वर्षे हातातली विजेची अवजारे उघडतो आहे. लागोपाठ आर्मेचर जाण्याच्या तक्रारीत मला बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण सापडले आहे: मागच्या बेअरिंगची ढिली झालेली बैठक, किंवा फील्ड कॉइलमधला, म्हणजे आर्मेचरभोवतीच्या स्थिर वेटोळ्यांमधला, अर्धवट शॉर्ट. या दोन्ही गोष्टी सर्व्हिस सेंटरच्या गडबडीत सहज नजरेआड होतात, कारण खराब झालेले आर्मेचर समोर दिसत असते आणि ते बदलले की यंत्र लगेच चालू लागते.

आधी हे यंत्र आतून कसे चालते ते पाहू, म्हणजे पुढच्या तपासण्यांचा अर्थ लागेल. तारेवर चालणाऱ्या अशा अवजारांत जी मोटर असते तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. तिच्यात फील्ड कॉइल, कार्बन ब्रश आणि आर्मेचर ही सगळी एकाच माळेत, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेली असतात. जो करंट फील्डमधून जातो तोच ब्रशमधून कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या घेरावर, उतरतो, आर्मेचरच्या तारांतून फिरतो आणि दुसऱ्या ब्रशने बाहेर पडतो. या जोडणीमुळे लहान आकारात मोठी ताकद मिळते, पण माळेतल्या एका मण्याचे दुखणे सगळ्यांना भोगावे लागते आणि ते दिसते मात्र नेहमी एकाच जागी, कम्युटेटरवर. म्हणून "कम्युटेटरवर ठिणग्या येतात" हे लक्षण तापासारखे आहे. ताप आहे एवढेच त्यावरून कळते.

ब्रशच्या मागच्या कडेला बारीक निळसर ठिणग्या दिसणे हे या मोटरला स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नये. कम्युटेटरच्या संपूर्ण घेराला वेढणारी नारिंगी कडी दिसू लागली तर मात्र यंत्र तिथेच थांबवावे. निरोगी कम्युटेटर नव्या तांब्यासारखा लखलखीतही नसतो. त्यावर फिकट चॉकलेटी रंगाचा, गुळगुळीत आणि सर्व पट्ट्यांवर सारखा थर बसलेला असतो, आणि तो थर ब्रशला वंगणासारखा उपयोगी पडतो. काही जण तो काळपट दिसतो म्हणून एमरी पेपरने घासून चकचकीत करतात. तसे करू नये, कारण एमरीचे कण पट्ट्यांमधल्या फटींत अडकतात, ब्रशच्या तोंडात रुततात आणि चांगला कम्युटेटरही खरवडतात.

आता पुरावा वाचण्याकडे वळू. दुसऱ्या वेळी आर्मेचरचे पैसे आपण दिले आहेत, त्यामुळे त्या वेळी काढलेले खराब आर्मेचर आणि झिजलेले ब्रश परत मागणे हा आपला हक्क आहे. वॉरंटीत काढलेला पहिला भाग कंपनी ठेवून घेत असेल तर निदान त्याचे छायाचित्र मागा. ते आर्मेचर उजेडात धरून आधी वाइंडिंगचा, म्हणजे गुंडाळलेल्या तारांचा, रंग पाहा. जादा भाराने जळलेल्या मोटरमध्ये आर्मेचर आणि फील्ड या दोहोंवरचे वार्निश सारखे करपते, काळपट होते आणि नखाने ठिसूळ सुटते, कारण दोघांतून करंट एकच जात होता आणि थंड करणारी हवाही तीच होती. हवेच्या जाळ्या धुळीने तुंबल्या असतील तरी असेच होते. याउलट वाइंडिंग तांबूस, चमकदार आणि धड असून फक्त कम्युटेटर खडबडीत झाला असेल, आणि ब्रशच्या कडा तुटून त्याचे तोंड हातोडीने ठोकल्यासारखे दिसत असेल, तर तो ब्रश कम्युटेटरवर उड्या मारत होता असे समजावे. हे कंपाचे काम आहे, भाराशी त्याचा संबंध थोडाच. कम्युटेटरच्या एकदोन पट्ट्याच जळून काळ्या पडल्या असतील आणि बाकीच्या ठीक असतील, तर त्या पट्ट्यांना जोडलेली कॉइल तुटलेली किंवा शॉर्ट झालेली असते. आर्मेचर करपलेले आणि फील्ड मात्र नव्यासारखी, असे दिसले तर आर्मेचरमध्येच आतून शॉर्ट होता असा अंदाज बांधता येतो. या चारांपैकी आपले चित्र कोणते, हे ठरल्याशिवाय कंपनीशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण पहिले चित्र निघाले तर कंपनीचे म्हणणे बरोबर आहे आणि ते मान्य करावे लागेल.

आपण लिहिले आहे की बंद होताना ग्राइंडर आता खडखडतो आणि हाताला बारीक मुंग्या आणणारी थरथर जाणवते. या एका वाक्यावरून माझा पहिला संशय मागच्या बेअरिंगवर जातो. आर्मेचरच्या कम्युटेटरकडच्या टोकाला एक लहान बॉल बेअरिंग असते आणि बहुतेक ग्राइंडरमध्ये ते थेट प्लास्टिकच्या मोटर हाउसिंगमध्ये बसत नाही. त्यावर रबराची टोपी असते आणि ती टोपी हाउसिंगमधल्या खोलगट बैठकीत दाबून बसते. लोखंडाची भुकटी किंवा उष्णता यांमुळे हे रबर कडक होते, आक्रसते किंवा वितळते, आणि मग बेअरिंगची बाहेरची कडी बैठकीत स्थिर न राहता हळूहळू फिरू लागते. फिरणारी कडी प्लास्टिक घासते, भोक लंबगोल होते, आणि आर्मेचरचे ते टोक आपल्या अक्षावर राहत नाही. 180 मिमीच्या ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे 8500 फेरे घेते आणि आर्मेचर गिअरमुळे त्याच्या तिप्पट ते चौपट वेगाने फिरते. समजा तो वेग 25,000 फेऱ्यांचा असेल, तर सेकंदाला चारशेहून अधिक फेरे होतात. कम्युटेटर अक्षापासून केसभर जरी सरकला तरी प्रत्येक फेऱ्याला तो ब्रशला एक धक्का देतो, आणि सेकंदाला चारशे धक्के खाणाऱ्या ब्रशची स्प्रिंग कितीही चांगली असली तरी तो तांब्याला चिकटून राहत नाही. जिथे तो सुटतो तिथे ठिणगी पडते, ठिणगीने पट्टीची कड जळते, जळलेली कड ब्रशला आणखी जोराचा धक्का देते. नवे आर्मेचर, नवे ब्रश, अगदी नवे बेअरिंग टाकले तरी ते त्याच सैल भोकात बसते आणि हा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, फक्त भोक आधीपेक्षा मोठे झालेले असल्याने या वेळी लवकर.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका कट-ऑफ मशीनला मी स्वतःच्या हाताने लागोपाठ दोन आर्मेचर टाकली होती आणि दोन्ही वेळा दोष आर्मेचरच्या दर्जाला दिला होता. तिसऱ्या वेळी हाउसिंग रिकामे करून टेबलावर उलटे ठेवले, तेव्हा बैठकीतून काळ्या रबराची चिमूटभर पूड पडली. ती पूड आधीच्या दोन्ही वेळी तिथे असणारच. मी पाहिली नव्हती, एवढेच.

बैठक तपासण्याची माझी पद्धत साधी आहे. प्लग काढून ठेवावा, गिअर हेडचे चार स्क्रू सोडवावेत, ब्रश मागे ओढून आर्मेचर सरळ बाहेर घ्यावे. बेअरिंगची बाहेरची कडी चकचकीत घासलेली दिसली, रबरी टोपी बोटांनी फिरवता आली किंवा बैठकीच्या भिंतीला काचेसारखी तकाकी आली असेल तर निदान तिथेच झाले. शंका उरली तर रबरी टोपी आणि बेअरिंगची कडी यांवर मिळून ऑइल पेंटच्या मार्करने एक सरळ रेघ ओढावी, तशीच एक खूण टोपीवरून हाउसिंगच्या दिसणाऱ्या कडेपर्यंत न्यावी, रंग पूर्ण वाळू द्यावा, यंत्र नीट जोडावे आणि चकती न लावता एक मिनिट चालवून पुन्हा उघडावे. रेघ अखंड राहिली तर बैठक घट्ट आहे. रेघ तुटून तिचे दोन तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी गेले असतील तर कडी किंवा टोपी फिरते आहे, आणि त्या तुटलेल्या रेघेचे छायाचित्र हा आपल्याकडचा सगळ्यात मोलाचा पुरावा ठरेल.

सैल बैठकीवर एक गावठी उपाय सगळीकडे चालतो, तो म्हणजे बेअरिंगभोवती कागद, टेप किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळणे. त्याने ग्राइंडर काही दिवस शांत होतो, पण पट्टी सगळ्या बाजूंनी सारखी बसत नाही, अक्ष तिरका होतो आणि कम्युटेटर पुन्हा मार खातो. धातूच्या सांध्यासाठी बनवलेले चिकट द्रावण लावण्याचा मोहही टाळावा. ते हवेच्या अभावात आणि धातूच्या सान्निध्यात घट्ट होते. प्लास्टिक आणि रबर यांच्यामध्ये ते नीट धरत नाही आणि काही प्रकारच्या प्लास्टिकला त्याने तडे जातात. रबरी टोपी एकटीच खराब असेल तर ती बदलावी. भोक लंबगोल झाले असेल तर पूर्ण मोटर हाउसिंग बदलणे हाच इलाज आहे. नवे बेअरिंग घेताना कडीवर कोरलेला क्रमांक पूर्ण लिहून घ्यावा, त्याच्या शेवटच्या अक्षरांसह. 608 या क्रमांकाचे बेअरिंग 8 मिमी भोक, 22 मिमी बाहेरचा व्यास आणि 7 मिमी जाडीचे असते हे कुठेही सारखेच, पण धूळ आत जाऊ न देणारी रबरी सील आहे की नुसता पत्र्याचा पडदा, हे शेवटची अक्षरे सांगतात. ग्राइंडरच्या भुकटीत पत्र्याचा पडदा फार काळ तग धरत नाही.

दुसरा संशयित फील्ड. कॉइलच्या काही वेढ्यांचे इन्सुलेशन जाऊन ते आपापसांत चिकटले तर चुंबकीय क्षेत्र दुबळे होते, आणि सिरीज मोटरचा स्वभाव असा की क्षेत्र दुबळे झाले की ती मोकळी असताना जास्त पळते, पण भार देताच जास्त करंट ओढूनही दबते. ग्राइंडर रिकामा असताना पूर्वीपेक्षा कर्कश ओरडतो आणि लोखंडाला टेकवताच मरतो, अशी लक्षणे असतील तर फील्ड आधी पाहावी. साध्या मल्टिमीटरवर इथे विसंबून राहता येत नाही, कारण या कॉइलचा रेझिस्टन्स एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो. बेंच सप्लायवरून (टेबलावरच्या डीसी वीजपुरवठ्यावरून) फील्डच्या दोन्ही कॉइल एका माळेत जोडून 1 अँपियर डीसी सोडावा आणि प्रत्येक कॉइलच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. दोन आकड्यांत काही टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला, किंवा एक कॉइल दुसरीपेक्षा डोळ्यांना काळी दिसली, तर ती फील्ड नव्या आर्मेचरचाही जीव घेणार. एकदोन वेढ्यांचा शॉर्ट या मोजणीत निसटू शकतो, म्हणून रंगाकडे दुर्लक्ष करू नये.

आर्मेचरची खात्री करण्यासाठी जवळजवळच्या पट्ट्यांमधला रेझिस्टन्स घेरभर मोजत जावे. सगळीकडे तो सारखा यावा. रिवाइंडिंग करणाऱ्यांकडे ग्रोलर (शॉर्ट शोधणारे विद्युतचुंबकी साधन) असतो, त्यावर आर्मेचर ठेवून फिरवताना ज्या खाचेवर हॅक्सॉ ब्लेड थरथरते त्या खाचेत शॉर्ट आहे. ब्रश होल्डरमध्ये ब्रश अडखळता कामा नये, स्प्रिंग काढल्यावर तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे, आणि दोन्ही स्प्रिंगांचा दाब सारखा असला पाहिजे. ब्रश मूळ दर्जाचेच घ्यावेत. मापाने बसणारा पण वेगळ्या मिश्रणाचा कार्बन दिसायला तसाच असतो आणि कम्युटेटरचे वाटोळे करतो. काही कंपन्यांच्या ब्रशमध्ये स्प्रिंगवर टेकलेली एक बारीक खुंटी असते, जी ब्रश संपत आल्यावर बाहेर येऊन त्याला कम्युटेटरवरून उचलते आणि यंत्र आपोआप बंद पडते. अशा यंत्रात बिनखुंटीचा ब्रश घातला की ते संरक्षण गेले.

आता आपल्या बाजूच्या चुकीविषयी, कारण कंपनी तिच्याबद्दल विचारणारच. आपण 30 मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरता असे लिहिले आहे, वायरची जाडी लिहिलेली नाही. ती 0.75 चौरस मिमीची असेल तर जाऊन-येऊन 60 मीटर तांब्याचा रेझिस्टन्स दीड ओहमहून थोडा जास्त भरतो. 2000 वॅटचा ग्राइंडर 230 व्होल्टवर पूर्ण भाराला सुमारे 8.7 अँपियर ओढतो, म्हणजे सुमारे 14 व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. यंत्र दुबळे वाटते, माणूस ते अधिक दाबतो, मोटरचा वेग उतरतो, त्याबरोबर पंख्याची हवा उतरते आणि करंट चढतो. हीच वायर 2.5 चौरस मिमीची असती तर नुकसान चार-साडेचार व्होल्टवर आले असते. वायर गुंडाळलेल्या रीळावर ठेवून वापरत असाल तर ती पूर्ण उलगडा. एवढ्याने आपले तीन आठवड्यांचे कोडे सुटत नाही, पण पत्रात हा मुद्दा आपणच मांडलेला बरा.

एक गोष्ट कोणी कितीही खात्रीने सुचवली तरी करू नका. यंत्रात वेग स्थिर ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल आणि कोणी "मॉड्यूल काढून डायरेक्ट करून देतो" म्हटले, तर यंत्र परत घेऊन घरी या. राळेने बांधलेल्या साध्या कापण्याच्या आणि घासण्याच्या चकत्या सहसा परिघावर सेकंदाला 80 मीटर वेगापर्यंत सुरक्षित धरलेल्या असतात. 180 मिमी चकती मिनिटाला 8500 फेऱ्यांनी फिरली की परिघाचा वेग बरोबर 80 मीटरला पोचतो. म्हणजे पाटीवरचा आकडा आणि चकतीची मर्यादा यांच्यात मोकळी जागा उरत नाही. मॉड्यूलच्या भरवशावर वाइंडिंग केलेली मोटर डायरेक्ट केली की तो आकडा ओलांडू शकते, आणि फुटलेल्या चकतीचा तुकडा कोणत्या दिशेला जाईल हे कोणाच्या हातात नसते. गार्ड काढून वापरण्याबद्दलही हेच.

स्विचबद्दल जास्त लिहीत नाही. ब्लॅक आणि डेकर यांना 1917 मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा स्विच असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले, तेव्हापासून हातातल्या अवजारांचा स्विच धुळीतच जगत आला आहे, आणि त्याचे संपर्क जळणे ही नेहमीची बाब आहे. पण स्विच खराब असेल तर यंत्र अडखळत चालते, आर्मेचर खात नाही.

वॉरंटीची मुदत अजून शिल्लक दिसते, म्हणून उघडण्याची घाई करू नका. बाहेरून करता येणाऱ्या तपासण्या आधी करा: काम चालू असताना सॉकेटवरचे व्होल्टेज, क्लॅम्प मीटरवर मोकळ्या चालीचा करंट, बंद होतानाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, आणि बाहेरून निघणारे ब्रश असतील तर त्यांच्या तोंडांची छायाचित्रे. मग सर्व्हिस सेंटरवर वेळ ठरवून जा आणि यंत्र आपल्यासमोर उघडायला सांगा. बरेचसे मेकॅनिक याला राजी होतात. बैठक पाहण्याची विनंती नम्रपणे आणि नाव घेऊन केली की ते स्वतःच टोपी काढून दाखवतात. वॉरंटी नाकारल्याचे लेखी मिळाल्यावर मात्र यंत्र स्वतः उघडायला हरकत नाही, आणि उघडले तर तसे पत्रात सांगावे. लपवलेली गोष्ट स्क्रूच्या खाचांवरून मेकॅनिकला पहिल्या मिनिटाला कळते.

कंपनीला पहिल्यांदा जे लिहिले त्यात आपण "निकृष्ट माल" असे म्हटले आणि किती नुकसान झाले ते सांगितले. राग समजण्यासारखा आहे, पण ग्राहक सेवेतल्या पहिल्या माणसासमोर ठरलेल्या उत्तरांचा एक तक्ता असतो आणि "आर्मेचर खराब" या शब्दांपुढे त्या तक्त्यात "जादा भार" असेच लिहिलेले असते. त्याला तक्त्याबाहेर काढायचे तर त्याच्या हातात असे काही द्यावे लागते की ज्याचे उत्तर तांत्रिक विभागालाच देता येईल. म्हणून पत्र लहान ठेवा, मोजमापे द्या आणि मागणी एकच करा. तपासणीत माझा संशय खरा ठरला तर मी असे लिहीन:

"मॉडेल, टाइप क्रमांक आणि सिरीयल क्रमांक सोबतच्या पाटीच्या छायाचित्रात आहेत, खरेदीचे बिल आणि दोन्ही दुरुस्त्यांची जॉबकार्डे जोडली आहेत. यंत्रात पाच आठवड्यांच्या अंतराने दोनदा आर्मेचर बदलले असून तीन आठवड्यांत पुन्हा ठिणग्या येत आहेत. दुसऱ्या वेळी काढलेल्या आर्मेचरचे वाइंडिंग करपलेले नाही. दोन्ही फील्ड कॉइल एकाच रंगाच्या असून 1 अँपियरवर त्यांचे व्होल्टेज सारखे येते. मागच्या बेअरिंगची रबरी टोपी झिजलेली असून छायाचित्र 3 आणि 4 मध्ये दाखवलेली खुणेची रेघ एका मिनिटाच्या मोकळ्या चालीत सरकली आहे. 30 मीटरचे एक्स्टेन्शन वापरले जाते. त्यावर भार असताना सॉकेटवर मिळणारे व्होल्टेज छायाचित्र 5 मध्ये आहे. मागील दोन्ही दुरुस्त्यांच्या वेळी टोपी आणि हाउसिंगमधील बैठक तपासली होती काय, हे कळवावे. तपासली नसल्यास दुरुस्ती अपुरी राहिली असे मानून हाउसिंग, टोपी, बेअरिंग, ब्रश आणि आर्मेचर विनामूल्य बदलून द्यावे, ही विनंती. उत्तराची पंधरा दिवस वाट पाहतो."

यात कोणावर आरोप नाही, पण उत्तर टाळायलाही जागा नाही. पत्राला तक्रार क्रमांक मागून घ्या आणि पुढचे प्रत्येक पत्र त्याच क्रमांकाखाली पाठवा. फोनवर काही ठरले तर त्याच दिवशी "आपले बोलणे असे झाले" असे दोन ओळींत लिहून पाठवा. दुरुस्तीत टाकलेल्या भागाला बऱ्याचदा स्वतःची वेगळी वॉरंटी असते आणि ती जॉबकार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली असते. आपण पैसे देऊन घेतलेले आर्मेचर तीन आठवड्यांत गेले आहे, त्यामुळे मूळ यंत्राच्या वॉरंटीपेक्षा हा मुद्दा कदाचित अधिक भक्कम ठरेल. सुट्या भागांचा आकृती-तक्ता बऱ्याच कंपन्या उघडपणे देतात. त्यातला हाउसिंगचा आणि टोपीचा भाग क्रमांक पत्रात घातलात तर मधल्या दोन फेऱ्या वाचतील.

कंपनीने तरीही नकार दिला तर हिशेब असा करावा. गिअर हेड शाबूत असेल, गिअरच्या दातांवर खड्डे नसतील आणि फील्ड चांगली असेल, तर हाउसिंग, टोपी, बेअरिंग आणि आर्मेचर यांची एकत्र किंमत काढावी. ती नव्या यंत्राच्या निम्म्याच्या आत बसत असेल तर दुरुस्ती करावी, एरवी नाही. फील्डही बदलावी लागत असेल तर मी नवे यंत्र घेईन. रिवाइंडिंगच्या मी विरोधात नाही, मोठ्या मोटरसाठी तो उत्तम मार्ग आहे, पण या वेगाने फिरणाऱ्या आर्मेचरला वाइंडिंगनंतर राळेने नीट भरून संतुलन साधावे लागते, आणि ते यंत्रावर करून देणारा कारागीर मिळत नसेल तर रिवाइंड केलेले आर्मेचर नव्या हाउसिंगचीही बैठक खाईल.

दुरुस्ती झाल्यावर यंत्र ताब्यात घेण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासणी करून घ्या. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडून, स्विच चालू ठेवून, पिना आणि गिअर हेडचा धातू यांच्यातला इन्सुलेशन रेझिस्टन्स पाहायचा असतो. पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनच्या यंत्रात तो 2 मेगओहमच्या खाली असेल तर यंत्र हातात धरू नये. ठिणग्यांनी उडालेली कार्बनची पूड आतल्या भिंतींवर बसलेली असते आणि हा आकडा बहुधा तिच्यामुळेच खाली येतो, म्हणून जुने हाउसिंग वापरले तर ते कोरड्या ब्रशने आणि हवेने साफ करून घेतले आहे ना, हे विचारावे.

नवे ब्रश पहिली दहा मिनिटे चकतीवर भार न देता चालवा, म्हणजे त्यांचे तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसते. महिन्याभराने ते काढून पाहा. तोंड गुळगुळीत, कडा शाबूत आणि दोन्ही ब्रश सारखे घासलेले असतील तर बैठक धरून आहे. एखादी कड जरी तुटलेली दिसली, तरी ठिणग्यांची वाट न पाहता ग्राइंडर त्याच दिवशी नव्या जॉबकार्डासह सर्व्हिस सेंटरवर द्या.